लिहिणाऱ्यांचा गोतावळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या लिहिणाऱ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, कधी फोनवर, कधी कविसंमेलन संपल्यावर टपरीवरच्या चहाला. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. क्रमानंच वाचायला हवं असं नाही. एक प्रश्न दुसऱ्यात अडकतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. लेखकाला गोतावळा हवा म्हणजे ओळखीपाळखी वाढवायच्या का?

नाही. शंभर ओळखी असतात आणि कच्चा खर्डा वाचायला एकही माणूस नसतो, ही नेहमीची गत. कामाचा गोतावळा पाच-सात जणांचा असतो. त्यात दोन-तीन जण तुमच्या बरोबरीचे लागतात. तुम्ही त्यांचं वाचता, ते तुमचं वाचतात. एक जण तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षं पुढचा, ज्याला वर्षातून दोनदाच त्रास द्यायचा. एक व्यवहार जाणणारा: मुद्रितशोधक (छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणारा), अंकाचा संपादक, छपाईवाला, कुणीही. आणि एक अजिबात न लिहिणारा, नुसता वाचणारा. हा शेवटचा बहुतेकांकडे नसतो, आणि त्याची उणीव लिखाणात लगेच दिसते.

टाळ्या वाजवणारे यात धरलेले नाहीत. ते आपोआप मिळतात.

२. माझ्या गावात लिहिणारं दुसरं कुणीच नाही. सुरुवात कुठून करू?

'कुणीच नाही' असं क्वचित असतं. कुणी सांगत नसतं, एवढंच. शोधायचा सरळ रस्ता ग्रंथालयातून जातो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं तालुक्यालाच नाही, बऱ्याच मोठ्या गावांतही आहेत. तिथल्या ग्रंथपालाला एकच विचारा: दिवाळी अंक आणि कवितासंग्रह नेमानं कोण नेतं? रजिस्टर न उघडता तो तीन-चार नावं सांगेल.

मग जवळच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाच्या मागच्या दहा वर्षांच्या प्रती चाळा. तेव्हा ज्यांनी कविता लिहिल्या ते आज कुठे तरी शिक्षक, ग्रामसेवक, मेडिकलवाले झालेले असतात. 'अजून लिहिता का?' असं त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारलेलं नसतं. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आणि गेल्या वर्षीचे दिवाळी अंक बघताना नावापुढे आपल्या जिल्ह्यातलं गाव दिसलं की वहीत टिपा. भजनी मंडळातली आणि भारुडं म्हणणारी माणसं वगळू नका. ओळ कानाला कुठे अडखळते हे त्यांच्याइतकं चटकन कुणी सांगत नाही.

महिन्याभरात आठ-दहा नावं निघतात. त्यातली तीन टिकली तरी पुष्कळ. पहिला निरोप कसा लिहायचा ते प्रश्न ४ मध्ये आहे.

३. मराठवाडा साहित्य परिषदेचं सदस्य व्हायलाच हवं का?

व्हावं, पण सदस्यत्वातून काय मिळतं आणि काय नाही ते समजून. परिषदेचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. 'प्रतिष्ठान' हे तिचं नियतकालिक, मराठवाडा साहित्य संमेलन ती भरवते, आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाची ती घटक संस्था आहे. यातून माहिती मिळते, निमंत्रणं मिळतात, मोठ्या लेखकांना जवळून ऐकता येतं. खर्डा वाचून मिळेलच असं नाही. ते स्थानिक शाखेतल्या माणसांवर अवलंबून असतं. फॉर्म भरण्याआधी शाखेचे वर्षभरातले कार्यक्रम मोजा. त्यात वाचन किती आणि सत्कार किती, हे पाहिलं की शाखेचा अंदाज येतो.

एक गोंधळ कायम होतो: 'मसाप' म्हणजे इथे मराठवाडा साहित्य परिषद आणि पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद. अर्ज, पत्र, पुरस्कारासाठीची पुस्तकं पाठवताना पूर्ण नाव लिहा.

४. ओळख नसलेल्या लेखकाला पहिला निरोप कसा पाठवू? उत्तरच येत नाही.

उत्तर न येण्याचं कारण बहुतेकदा एकच असतं: एकशेऐंशी पानांची पीडीएफ आणि खाली 'अभिप्राय अपेक्षित'. समोरच्याला आठवड्याचं काम दिलेलं असतं आणि नेमकं काय हवंय ते सांगितलेलं नसतं. त्याऐवजी असं काही:

'नमस्कार ताई. मी सेनगाव तालुक्यातून लिहितो. तुमच्या गेल्या वर्षीच्या कथेतली म्हातारी रेशनकार्ड पदराच्या गाठीत ठेवते आणि शेवटपर्यंत ती गाठ सुटत नाही, ते डोक्यातून जात नाही. माझी अकराशे शब्दांची एक कथा आहे. मधला भाग सैल वाटतो, पण कुठून सैल होतो ते मला दिसत नाही. तेवढंच सांगाल का? तीन आठवडे लागले तरी चालेल. जमणार नसेल तर तसं सांगा, काही वाटून घेणार नाही.'

यात त्यांचं लिखाण खरंच वाचल्याचा पुरावा आहे, एकच प्रश्न आहे, लांबी आणि मुदत आहे, आणि नाही म्हणायची मोकळीक आहे. कथा असेल तर दीड हजार शब्दांच्या आत, कविता असतील तर दोन. तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग विषय सोडा. उत्तर आलं तर आभारांबरोबर 'तुम्ही म्हणालात तो परिच्छेद काढला' हेही कळवा. दुसऱ्यांदा दार उघडतं ते त्या ओळीमुळे.

५. वाचनगट किती जणांचा असावा? किती वेळ, कुठे, कधी?

चार ते सहा जण. तिघांत एक आला नाही की बैठक मोडते. आठ झाले की प्रत्येकाची पाळी चार महिन्यांनी येते आणि लोक गळतात.

वेळ एक तास चाळीस मिनिटं. दोन लिखाणं, प्रत्येकी चाळीस मिनिटं, आणि शेवटी वीस मिनिटं चहा नि बातम्या. चहा आधी ठेवला तर गप्पांत अर्धा तास जातो. लिखाण पाच दिवस आधी सगळ्यांकडे पोहोचलेलं हवं: दोन हजार शब्दांपर्यंत, किंवा तीन कविता. ऐनवेळी वाचून दाखवलं तर लोक लिखाणावर नाही, आवाजावर बोलतात. गळा चांगला असलेल्या कवीचं त्यात फार नुकसान होतं. लिहिणाऱ्यानं एक पान मोठ्यानं वाचावं आणि मग सगळ्यांचं होईपर्यंत गप्प बसावं. मध्येच 'मला असं म्हणायचं होतं' सुरू झालं की पुढची वीस मिनिटं खुलाशात जातात. घड्याळ दुसऱ्या कुणाकडे द्यावं.

वार निवडताना आठवडी बाजार बघा. त्या दिवशी माणसं तालुक्याला येतातच. वेगळा खर्च नाही आणि घरी वेगळं कारण सांगायला नको. जागा ग्रंथालय किंवा रिकामा वर्ग. हॉटेलात नको: आवाज असतो, आणि कप उचलले की उठावं लागतं. गावच्या गाडीची वेळ आधीच फळ्यावर लिहून ठेवा, मुक्कामी एसटी गाठायची असेल तर अर्धा तास हातचा धरा.

वर्षाचं वेळापत्रक शेतीवर बांधा, कॅलेंडरवर नाही. मृगाला पेरणीची घाई सुरू झाली की जून गेला. सप्टेंबरअखेर ते दिवाळी सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. बीड, धाराशिवकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतलं कुणी गटात असेल तर ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांचं लिखाण फोनवरून मागवा आणि बोलणं आवाजी निरोपानं पाठवा. एप्रिल-मे मध्ये ऊन आणि लग्नसराई, बैठक सकाळी साडेसातला. वर्षाला सात-आठ बैठका नीट झाल्या तर गट जोरात चाललाय असं समजा. बारा ठरवून पाच होणारे गट हिरमुसतात आणि बंद पडतात.

६. आमच्या गटात एक तर 'छान, भिडलं' म्हणतात नाही तर सोलून काढतात. मधलं काही असतं का?

असतं, आणि ते पेन्सिलीनं सुरू होतं. छापील प्रतीवर तीनच खुणा ठरवा. जिथे लक्ष धरून राहिलं तिथे समासात उभी रेघ. जिथे ढिलं पडलं तिथे नागमोडी. जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. कारण द्यायची सक्ती नाही. पाच प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आणि चार प्रतींवर एकाच परिच्छेदाला नागमोडी असली तर वाद घालायला उरतं काय? एकाच प्रतीवर असली तर ती त्या वाचकाची आवड, सोडून द्या.

बोलताना जागा दाखवा. 'पात्र पटत नाही' याचा उपयोग नाही. 'दुसऱ्या परिच्छेदात विहीर आटली म्हटलंय आणि सहाव्यात गंगूबाई तिच्यातून कळशी भरते' हे उपयोगाचं. दुसऱ्याची ओळ नव्यानं लिहून देऊ नका. ओळ आवडली तर तो घेईल आणि ती त्याच्या कवितेत ठिगळासारखी दिसेल, नाही आवडली तर तुमच्यावर रुसेल.

नवीन माणसाच्या पहिल्या दोन बैठकांत फक्त उभ्या रेघा आणि प्रश्नचिन्हं. नागमोडी तिसऱ्यापासून.

७. शहरातले मित्र माझी बोली 'शुद्ध' करून देतात. ऐकू की नको?

शुद्धलेखन आणि बोली या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुरुस्ती करणारे त्या एकत्र कालवतात. ऱ्हस्व-दीर्घ सुचवलं तर ऐका. 'कामून' खोडून 'का' केलं तर परत 'कामून' लिहा.

पण त्यांच्या कुरबुरीत एक खरी गोष्ट असू शकते, ती तपासा: एकाच पात्राच्या तोंडी एका पानावर 'पानी' आणि पुढच्या पानावर 'पाणी' आहे का? ती बोली नाही, ती विसंगती आहे, आणि छापताना मुद्रितशोधक ती आपल्या मनानं सरळ करतो. उपाय म्हणून हस्तलिखिताला एक पानाचं बोलीपत्रक जोडा. तीस-चाळीस शब्द, तुम्ही ते कसे लिहिता, आणि वर एक ओळ: 'हे शब्द असेच ठेवावेत.' निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, की सगळंच बोलीत, तेही तिथेच लिहा. संपादक, अक्षरजुळणी करणारा, मुद्रितशोधक या तिघांशी होणारी हुज्जत वाचते.

आणि गोतावळ्यात एक माणूस त्याच पट्ट्यातला ठेवा. मराठवाड्याची बोली एक नाही. वैजापूरकडचं बोलणं देगलूरला परकं वाटतं. वयस्कर बाई मिळाली तर सगळ्यात उत्तम. तिला वाचून दाखवा आणि ती कुठे हसते ते बघा, विशेषतः हसायची जागा नसताना.

८. व्हॉट्सॲप गट आहे, पण त्यात सुप्रभात आणि वाढदिवसच चालतात. काय करावं?

एका व्हॉट्सॲप गटात १०२४ जण मावतात आणि दुखणं तिथेच आहे. दोन गट करा. सूचनांचा गट कितीही मोठा असू दे, पण त्यात लिहिण्याची परवानगी फक्त ॲडमिनला: बैठक, अंकांचे पत्ते, मुदती. वाचनाचा गट पाच-सहांचाच. त्यात लिखाण फाइल म्हणून टाकायचं, मजकूर चिकटवून नाही; फाइलीच्या नावात लेखक, शीर्षक, तारीख. नाही तर तिसरा खर्डा कुठला आणि पाचवा कुठला हे महिन्याभरात कुणालाच कळत नाही. तारीख ठरवायला मतदानाची सोय वापरा, सत्तर निरोप वाचतात. निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद ठेवा, कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

९. गटात टाकलेली कविता दुसऱ्याच्या नावानं फिरतेय. आता?

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लिखाण लिहून झालं की हक्क तुमचा. नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी हा वादाच्या वेळी कामी येणारा पुरावा. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. मात्र तो शब्दांच्या मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. तुमच्या गटातल्या कुणी त्याच दुष्काळावर, त्याच विहिरीवर लिहिलं तर ती चोरी नव्हे.

पहिली कामं: स्क्रीनशॉट, दुवा, तारीख. मग तुमच्या जुन्या खर्ड्याचा पुरावा. प्रत्येक पूर्ण झालेलं लिखाण स्वतःलाच ईमेल करण्याची सवय इथे उपयोगी पडते. आधी त्या माणसाला शांतपणे खासगी निरोप, चार दिवसांत नाव दुरुस्त झालं नाही तर जिथे छापलं त्या संपादकाला लेखी पत्र. भर गटात नाव घेऊन सुरुवात केली तर चोरी बाजूला राहते आणि तुमच्या भाषेवर चर्चा होते.

याच्याच पोटात दुसरा प्रश्न येतो: 'गटात टाकलेली कविता अंकाला चालते का?' पाच जणांच्या बंद गटात वाचायला दिलेली चालते. फेसबुकवर टाकलेली अनेक संपादक पूर्वप्रकाशित धरतात. अंकाकडे द्यायचं असेल ते आधी भिंतीवर लावू नका.

१०. पाचशे रुपये भरले तर प्रातिनिधिक संग्रहात दोन कविता आणि सन्मानपत्र देतात. घ्यावं का?

नाही. त्या संग्रहाचे वाचक म्हणजे त्यात छापले गेलेले कवी. शंभर जणांनी पाचशे दिले की छपाई निघून वर पैसे उरतात, त्यामुळे कविता कशी आहे हे बघायची कुणाला गरजच पडत नाही. पुरस्काराच्या 'प्रवेश शुल्का'चंही तेच. एक सोपी परीक्षा: 'किती जणांच्या कविता नाकारल्या?' असं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं की समजा.

याला अपवाद आहे. तुमच्याच गटानं निवड करून, खर्च उघड वाटून, हिशेब सगळ्यांना दाखवून संग्रह काढला तर त्यात गैर काही नाही. मात्र एक पानाचा करार करा. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. 'फक्त या आवृत्तीपुरतं' एवढे शब्द घातले की पुढचे रुसवे टळतात.

११. कार्यक्रमाला बोलावतात, शाल-नारळ देतात, भाडंही देत नाहीत. मानधन कसं मागू? मागितलं तर पुन्हा बोलावणार नाहीत.

१४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारी या दिवसांत कवींचा तुटवडाच पडतो. मागायची जागा तीच. पहिल्याच फोनवर, होकार देण्याआधी: 'येतो. येण्याजाण्याचं भाडं आणि मानधन काय धरलंय तेवढं सांगा, म्हणजे मी तसं ठरवतो.' आकडा त्यांना आधी बोलू द्या. कार्यक्रम झाल्यावर मागणं अवघड असतं, कारण तोवर आयोजकाचा सगळा पैसा मांडव आणि बॅनरवर गेलेला असतो.

गावची शाळा, ग्रंथालय, मित्राचं मंडळ इथे फुकट जाणं हा ज्याच्या त्याच्या मनाचा भाग, पण भाडं तिथेही घ्यावं. गटातल्या सगळ्यांनी मिळून एक किमान आकडा ठरवला तर एकट्याला वाईटपणा येत नाही. एक जण फुकट जातो तोवर बाकीच्यांचा आकडा टिकत नाही, हेही तितकंच खरं.

१२. बाई म्हणून बैठकांना जाणं अवघड होतं. वेळा रात्रीच्या, आणि नंतर नको ते निरोप. काय करता येईल?

वेळेचं दुखणं गटाचं आहे, बाईचं नाही. उन्हाळा सोडला तर बैठक अकरा ते दुपारी तीनच्या मध्ये ठेवा, बाजाराच्या दिवशी (प्रश्न ५). सुरुवातच किमान दोघींनी करा. एकटी बाई असलेल्या गटात ती महिन्या-दोन महिन्यांत यायची बंद होते आणि मग 'बायका येतच नाहीत' असं म्हटलं जातं. लहान लेकरू बरोबर आलं तर चालेल, हे निमंत्रणातच लिहा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे शेजारच्या तालुक्यातल्या बैठकीचा खर्चही आवाक्यात येतो. (आयोजकानं प्रवासखर्चही निम्माच हातावर ठेवला, तर हसून पूर्ण मागावा, परतीचा रिक्षा निम्म्यात येत नाही.)

व्हॉट्सॲप गटात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. म्हणून नवीन माणूस आधी बैठकीला, मग गटात. रात्री अकराला 'तुमची कविता वाचून झोप येईना' असे निरोप आले तर उत्तर न देता स्क्रीनशॉट ठेवा आणि गटात आधीच ठरवलेल्या एका बाईला कळवा. ती बाई कोण, हे गट सुरू होतानाच ठरलेलं हवं. एकदा समज, दुसऱ्यांदा बाहेर. तो माणूस मोठा कवी आहे, म्हणून तिसरी संधी नाही.

१३. आमच्या गटात सगळे एकाच समाजाचे आहेत. मुद्दाम केलेलं नाही, तसं झालं. बदलावं का?

हो. कुणी मुद्दाम न करताही तसं होतं, कारण माणूस पहिले चार फोन आपल्याच गल्लीत करतो. तोटा लिखाणाचा होतो: सगळ्यांना सगळं आधीच माहीत असलं की प्रश्नचिन्हाची खूण (प्रश्न ६) कुणीच करत नाही. दारं बंद होती तेव्हा लोकांनी आपली वाट काढल्याचा इतिहास इथलाच आहे. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालवलेलं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे यांनी दलित लेखकांची एक अख्खी पिढी एकमेकांना जोडली.

करायचं काय? जागा आधी बदला. देवळाचा सभामंडप किंवा कुणाचा वाडा नको, ग्रंथालय किंवा शाळा. पुढची दोन निमंत्रणं ठरवून दुसरीकडे. एकेकट्याला नाही, दोघांना एकदम बोलवा. एकट्याला तो नमुना म्हणून बसवल्यासारखं वाटतं. आणि त्यांच्याकडून 'त्यांच्या समाजावरचं'च लिखाण मागू नका. त्यांची प्रेमकविता असेल तर प्रेमकविता वाचा.

१४. दिवाळी अंकांच्या संपादकांशी संबंध कसे जोडायचे? साहित्य पाठवतो, पोचही येत नाही.

मराठीतली दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, आणि गणपतीत साहित्य पाठवण्याची चूकही बहुधा तितकीच जुनी. मे ते जुलैच्या मध्यापर्यंत पाठवा. ऑगस्टमध्ये बरेच अंक भरलेले असतात. एकच कथा पाच ठिकाणी पाठवली आणि दोन ठिकाणी छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात. म्हणून वहीत अंक, तारीख, पोच, निर्णय असे रकाने आखा. गटाची एकच सामाईक वही असेल तर कुठला अंक पोच देतो, कुठला मानधन देतो हे दोन-तीन वर्षांत आपोआप समजतं. ही वही म्हणजे गटाची खरी कमाई.

पोच न येण्याचं एक कारण अगदी साधं असतं: फाइल उघडतच नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संपादकाकडे अगम्य चिन्हांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि सोबत पीडीएफ जोडा. अक्षरजुळणी करणारा मजकूर आपल्या फॉन्टमध्ये फिरवतो तेव्हा रफार, 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ॲ' आणि जोडाक्षरं मोडू शकतात. पीडीएफ असली की त्याला मूळ ताडून पाहता येतं. कवितेत ओळी कुठे तुटतात तेही पीडीएफमुळेच वाचतं.

अंक आला की विकत घ्या, वाचा, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कथेबद्दल संपादकाला चार ओळी लिहा. अशी पत्रं फार कमी येतात.

१५. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही, हे खरं का?

प्रकाशक तिकडे जास्त आहेत, एवढं खरं. लिखाण वाचणारी माणसं तिकडेच आहेत, हे खरं नाही. अखिल भारतीय संमेलन २०२० मध्ये धाराशिवला आणि २०२२ मध्ये उदगीरला झालं, म्हणजे सगळी प्रकाशक मंडळी दोनदा दारात आली होती. संमेलनाला जायचं तर मुख्य मांडवापेक्षा ग्रंथप्रदर्शनात वेळ घालवा. पहिल्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, गाळ्यावर जा. हस्तलिखित नेऊ नका. एका परिच्छेदात पुस्तक सांगा आणि 'कुणाच्या नावानं पाठवू?' एवढंच विचारा. शेवटच्या दिवशी सगळे खोकी बांधत असतात.

१६. गटाची संस्था म्हणून नोंदणी करावी का?

पैसे नसतील तर नको. संस्था नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० लागू होतो. मग दरवर्षी हिशेबतपासणी आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. हे करायला एक माणूस कायमचा गुंततो, आणि तो बहुतेकदा गटातला सगळ्यात चांगला वाचक असतो. अनुदान किंवा मोठी देणगी घ्यायची असेल तेव्हाच या वाटेला जा.

वैयक्तिक अनुदानाला संस्था लागत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे आणि अर्ज लेखकानं स्वतः करायचा असतो. गटानं फक्त हस्तलिखित पाठवण्याआधी शेवटचा हात फिरवून द्यावा.

१७. एक जण सगळ्यांकडून वाचून घेतो, स्वतः कुणाचं वाचत नाही. कसं सांगायचं?

सांगायला लागू नये म्हणून वही ठेवा. दोन रकाने: कुणी दिलं, कुणी वाचून परत केलं. नियम असा की दोन वाचल्याशिवाय एक देता येत नाही. वही मधोमध पडलेली असली की बोलणं माणसावरून हिशेबावर येतं.

हेव्याचं मात्र वहीनं भागत नाही. एकाचं पुस्तक आलं, पुरस्कार मिळाला की बाकीचे दोन बैठका गप्प असतात. त्याला लगेच अध्यक्ष, मार्गदर्शक करू नका. पुढच्या पाळीला त्याचा नवा कच्चा खर्डाच टेबलावर येऊ द्या. नागमोड्या पडल्या की सगळे पुन्हा माणसांत येतात.

१८. उर्दू, तेलुगू, कन्नडमध्ये लिहिणाऱ्यांशी जोडून घ्यायचंय. कसं?

नांदेड, देगलूर, उदगीर, संभाजीनगर इथे हे शेजारीपाजारीच आहेत. अनुवादाचा प्रस्ताव नंतर, आधी एकत्र वाचन: त्यांनी मूळ वाचायचं, मग तोंडी अर्थ सांगायचा. कवितेला वीस मिनिटं धरा. अनुवाद ठरला तर मूळ लेखकाची लेखी परवानगी आणि छापताना अनुवादकाचं नाव, एवढं आधी मान्य करून घ्या.

१९. मला गट सोडायचाय, पण संबंध बिघडवायचे नाहीत.

गुपचूप येणं बंद करू नका, त्याचे अर्थ लावत बसतात. एक निरोप पाठवा: 'या वर्षी जमत नाही, माझी पाळी दुसऱ्या कुणाला द्या.' कारण देण्याची गरज नाही. तुमच्याकडे असलेले इतरांचे खर्डे खुणांसकट परत करा, फोनमधल्या फाइली पुसल्याचं कळवा. सामाईक वही, वर्गणीचे उरलेले पैसे आणि ग्रंथालयाच्या खोलीची किल्ली पुढच्या बैठकीआधी कुणाच्या तरी हातात द्या. किल्ली विसरलात तर पुढच्या वेळी सगळे दारात ताटकळतील आणि तुम्हालाच फोन करतील.